आयती भाजणी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "विषय काय?" आपल्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पस्तीस वर्षं ऑफिसात नक्की काय करत होतात ते आम्हाला कधी कळलंच नाही. तेच सांगा." आमच्या सौ.ला हा विषय फारच पसंत पडला, कारण ते तिलाही कळलेलं नाही. म्हणून आज ती पहिल्या रांगेत बसली आहे.

सगळं सांगत बसलो तर जेवण गार होईल. एकच गोष्ट सांगतो. चालू असलेला प्रोग्रॅम, त्याच्या मेमरीत जे काही भरलेलं आहे त्यासकट उचलायचा आणि त्याचीच एक नवी, पुन्हा चालवता येईल अशी फाईल करून ठेवायची. आमच्या धंद्यात याला 'डंप करणं' म्हणतात. शब्द काही शोभिवंत नाही, पण युक्ती भारी आहे. आणि ही युक्ती आपल्या आयांना आमच्या आधीपासून ठाऊक होती.

माझी आई सांगलीहून यायची तेव्हा तिच्या बॅगेत चकलीच्या भाजणीचा डबा असायचाच. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ वेगवेगळी मंद आचेवर भाजायची, धने-जिरे वेगळे, आणि मग गिरणीवाल्याला बजावायचं की गव्हावर दळू नकोस बाबा. दोन दिवसांचं काम. इथे मात्र डबा उघडला, मोहन घातलं, तिखट-मीठ-तीळ घालून गरम पाण्यात उकड काढली की तासाभरात चकल्या तयार. दोन दिवसांची मेहनत एका डब्यात बंद होऊन सात समुद्र ओलांडून यायची.

आता प्रोग्रॅमकडे वळू. डिस्कवरची प्रोग्रॅमची फाईल म्हणजे नुसत्या सूचनांची वही. तो चालवला की मेमरीत येतो आणि कामाची तयारी करू लागतो. तक्ते भरतो, शब्दांच्या याद्या करतो, आणखी दहा फायली वाचून त्यातलं डोक्यात ठेवतो. ही तयारी कधी क्षणात होते, कधी फार वेळ खाते. आणि प्रोग्रॅम बंद केला की सगळी पुसली जाते. उद्या पुन्हा धुणं, वाळवणं, भाजणं!

मी १९८५ साली इथे मास्टर्स करायला आलो तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला एक व्हॅक्स कॉम्प्युटर होता आणि त्याला लटकलेले आम्ही तीस-चाळीस विद्यार्थी. लिहायला ईमॅक्स नावाचा एडिटर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये ग्नू ईमॅक्स लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो लोकांना मिळाला. याचा गाभा सी भाषेत छोटासा, पण बाकीचा बराचसा कारभार लिस्प भाषेत. म्हणजे सुरू करताना लिस्पच्या ढीगभर फायली वाचायच्या. त्या काळच्या मशीनवर प्रत्येकानं रोज सकाळी हे केलं असतं तर व्हॅक्सनं मान टाकली असती.

म्हणून ईमॅक्स दोन टप्प्यांत तयार व्हायचा. आधी टीमॅक्स नावाचा एक कोरा प्रोग्रॅम बने. तो चालवायचा, त्याला सगळ्या लिस्प फायली वाचायला लावायच्या, आणि त्याचं पोट भरलं की त्याला सांगायचं, आता स्वतःलाच फाईल म्हणून लिहून ठेव. हे काम करणाऱ्या तुकड्याचं नाव अनएक्झेक. तो युटा विद्यापीठात १९८२ मध्ये लिहिला गेला होता. प्रोग्रॅम चालवणं म्हणजे एक्झेक, आणि हे त्याच्या उलटं, म्हणून अनएक्झेक. दूध विरजून दही होतं हे ठीक, पण दह्याचं परत दूध केल्यासारखा प्रकार! मी मेकफाईल वाचताना हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री दोन वाजता होस्टेलच्या रूममेटला उठवून सांगितलं होतं. तो सिव्हिल इंजिनिअरिंगचा होता. त्यानं मला काय सांगितलं ते इथे बायकामुलांत सांगता येणार नाही.

यात एक गंमत आहे, ती नीट लक्षात घ्या. तुमचा लॅपटॉप झाकण मिटून झोपतो आणि उघडला की जिथे होता तिथून पुढे चालू होतो. डंप केलेला प्रोग्रॅम तसा झोपेतून उठत नाही. तो पहिल्या ओळीपासूनच सुरू होतो, नव्यानं जन्म घेतल्यासारखा. फक्त मेमरीतले तक्ते आधीच भरलेले असतात. मग पहिल्या ओळीतच त्याला विचारावं लागतं, "बाबा रे, तुझी तयारी झालेली आहे का?" झाली असेल तर तयारीचा भाग गाळून थेट कामाला.

डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या छपाईच्या प्रोग्रॅममध्ये हाच प्रश्न फार झकास विचारलाय. गणिताची पुस्तकं छापायला हा प्रोग्रॅम अजूनही जगभर वापरतात. त्यात एक चल आहे. तयारी झाली की त्यात ३१४१५९ हा आकडा ठेवला जातो. पायचे पहिले सहा अंक! सुरुवातीलाच तो आकडा तिथे दिसला तर तयारी झालेली आहे असं समजायचं. कोऱ्या मेमरीत योगायोगानं नेमका तोच आकडा पडलेला असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. असल्या गोष्टी वाचल्या की मला आमच्या संस्कृतच्या मास्तरांची आठवण येते. तेही असेच कुठेतरी एखादी गंमत दडवून ठेवायचे आणि कुणाला सापडते का ते बघत बसायचे.

इथवर सगळं गोड. आता कडू भाग, जो माझ्या स्वतःच्या नशिबी आला.

१९८८ मध्ये मी एका छोट्या कंपनीत लागलो. आमचं सॉफ्टवेअर कागदाच्या कारखान्यांसाठी होतं. मोठ्या रुळातून कोणत्या रुंदीचे तुकडे कोणत्या क्रमानं कापले म्हणजे कमीत कमी कागद वाया जाईल, ते ठरवायचं. सगळं लिस्पमध्ये. लिस्पमध्ये चालू प्रोग्रॅमला दुरुस्ती पाजता येते आणि ती पाजली की संपूर्ण मेमरीची 'इमेज' एका फाईलमध्ये ठेवता येते. सगळ्या फायली मुळापासून लोड करायला वीस मिनिटं लागत, इमेज मात्र काही सेकंदांत सुरू होई. मग वीस मिनिटं कोण थांबतो? कारखान्यातून फोन आला की दुरुस्ती लिहायची, इमेजमध्ये घालायची, चालते का बघायची, इमेज पुन्हा सेव्ह करायची आणि घरी जायचं. दुरुस्तीची मूळ फाईल कुणाच्या तरी डिरेक्टरीत राहायची. तो माणूस नोकरी सोडून गेला की डिरेक्टरीही जायची.

आमचा पहिला दणका विनोदी होता. एका गिऱ्हाइकाकडचे सगळे रिपोर्ट आठवडाभर एकाच मंगळवारच्या तारखेनं छापले जात होते. कुणीतरी 'आजची तारीख' सुरुवातीला एकदाच काढून मेमरीत ठेवली होती आणि त्यानंतर इमेज सेव्ह केली होती. प्रोग्रॅमला रोज तोच मंगळवार! मेमरी उचलायची म्हणजे बरोबर काय काय येतं याचं भान ठेवावं लागतं. तारीख येते, उघड्या फायलींचे आता निरुपयोगी झालेले नंबर येतात, आणि कुणी पासवर्ड टाइप केला असेल तर तोही येतो. तो आमच्याही एका इमेजमध्ये सापडला. गिऱ्हाइकाला आम्ही ते सांगितलं नाही. आज सांगतो, कारण ती कंपनी आता उरलेली नाही.

दुसरा दणका १९९६ चा. गिऱ्हाइकांनी नवे कॉम्प्युटर घेतले, लिस्पचीही नवी आवृत्ती आली, आणि तिला जुनी इमेज वाचता येईना. इमेज ही त्या-त्या आवृत्तीशी जखडलेली असते. काही हरकत नाही, म्हटलं, मूळ फायलींवरून पुन्हा बनवू. बनवली. सुरू केली. पहिल्याच रुळाला चुकीचा कट!

आठ वर्षांतल्या चाळीसेक दुरुस्त्या फक्त इमेजमध्ये होत्या. त्यांची लिखित प्रत जगात कुठेही नव्हती. भाजणीचा डबा होता, पण प्रमाण लिहिलेला कागद नव्हता.

एक जुनं मशीन आम्ही चालू ठेवलं, त्यावर 'बंद करू नये' असा कागद चिकटवला आणि मी त्याच्यासमोर तीन महिने बसलो. प्रत्येक फंक्शनला, "तू काय करतोस?" असं विचारायचं. ते यंत्रभाषेत उत्तर देणार, आणि त्यावरून मी मूळ लिस्प पुन्हा लिहिणार. माझ्या मॅनेजरनं, ती फार शहाणी बाई होती, एकदाही "किती राहिलं?" म्हणून विचारलं नाही. रोज दुपारी कॉफी तेवढी आणून ठेवायची. पण कंपनीची दोन मोठी गिऱ्हाइकं तेवढ्यात गेली, आणि त्यापायी आमच्यातल्या चौघांच्या नोकऱ्या गेल्या. दुरुस्त्या अशा सेव्ह करणाऱ्यांत मीही होतो. हे मी विसरलेलो नाही.

एका फंक्शनमध्ये रुंदीतून सात मिलिमीटर वजा केलेले होते. का? कोडमध्ये काहीच नाही. शेवटी त्या कारखान्याच्या निवृत्त फोरमनला फोन केला. तो म्हणाला, "अरे, आमचं दोन नंबरचं मशीन डाव्या बाजूला कागद फाडायचं. तुमच्यातल्याच एका पोरानं ते जमवून दिलं होतं." हे यंत्रभाषेतून कधीच कळलं नसतं.

तिकडे ईमॅक्सचं काय झालं? तिथे शिस्त होती. मूळ फायली सगळ्या जपलेल्या, डंप हवा तेव्हा नव्यानं करता येई. अडचण आली ती वेगळीच. मेमरीत सगळी नाती पत्त्यांवर चालतात. 'अमुक यादी घर नंबर इतक्यात आहे', असं. डंपमध्ये ते पत्ते जसेच्या तसे लिहिले जातात. पुढे हल्लेखोरांना चकवण्यासाठी कॉम्प्युटर दर वेळी घरांचे नंबर बदलू लागले, आणि २००३ च्या सुमारास लिनक्सवर ईमॅक्स बनवताना लोकांची तारांबळ उडू लागली. शिवाय मेमरी वाटून देणारा जो कोठीवाला असतो, त्याची हिशेबाची वहीसुद्धा डंपमध्ये जाते. नव्या कोठीवाल्याला जुनी वही वाचता आली पाहिजे, म्हणून लिनक्सच्या सी लायब्ररीनं वर्षानुवर्षं केवळ ईमॅक्ससाठी दोन खास दरवाजे उघडे ठेवले होते. २०१६ मध्ये त्या मंडळींनी सांगितलं, आम्हाला वही सुधारायची आहे, हे दरवाजे आता बंद करणार. बरीच वादावादी झाली. मला लायब्ररीवाल्यांचं म्हणणं पटलं होतं. एका पाहुण्याच्या सोयीसाठी घराचा जिना किती वर्षं तसाच ठेवायचा?

त्यातून डॅनियल कोलासिओने यांनी नवा डंपर लिहिला. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये ईमॅक्स २७.१ बरोबर आला. आता नवी एक्झिक्युटेबल फाईल बनत नाही. भरलेली मेमरी एका वेगळ्या फाईलमध्ये जाते आणि तिच्याबरोबर कोणते आकडे म्हणजे पत्ते आहेत याची यादीही जाते. सुरू होताना घरांचे नंबर बदललेले दिसले तर यादी बघून पत्ते दुरुस्त करायचे. कानामागून पकडलेला घास आता सरळ तोंडात जातो. वेळ किंचित जास्त लागतो, पण आजच्या मशीनवर तो कुणाला जाणवतही नाही.

शेवटचं एक, आणि मग जेवायला.

आई २०११ मध्ये गेली. आदल्या वर्षी तिनं आणलेल्या भाजणीचा एक डबा आमच्या बेसमेंटमधल्या फ्रीझरच्या तळाशी राहिला होता. वर तिच्या अक्षरात 'चकली, दिवाळी २०१०'. आम्ही दोघांनीही त्याला कधी हात लावला नाही. तिला प्रमाण किती वेळा विचारलं असेल! "अंदाजानं रे," एवढंच सांगायची. सांगलीच्या माझ्या बहिणीला तांदूळ चार वाट्या आणि हरभऱ्याची डाळ दोन वाट्या एवढं खात्रीनं आठवतं. पुढे तिचाही 'अंदाज' सुरू होतो.

गेल्या वर्षी लेकीनं विचारलं, "बाबा, आजीच्या चकलीची रेसिपी कुठे आहे?" मी तिला खाली फ्रीझरपाशी नेलं. कागदाच्या कारखान्याची गोष्ट तिला माहीत होती. ती म्हणाली, "म्हणजे डबा आहे, सोर्स नाही. तुमची तर सवयच दिसते!" आणि तिनं डबा उघडला. मी नको म्हणणार होतो, पण तोवर वास आला होता.

दोन चमचे भाजणी घेऊन एकच चकली तळली, ती तिघांनी वाटून खाल्ली. मग बहिणीला व्हिडिओ कॉलवर बसवून वजनकाट्यावर नव्या भाजणीचे प्रयोग सुरू झाले. पहिल्या घाण्यात धने जास्त झाले. दुसऱ्यात उडदाची डाळ कमी पडली. तिसऱ्याला डाळ करपली, पण तो दोष माझा. प्रत्येक वेळचं प्रमाण लेकीनं ग्रॅममध्ये वहीत लिहिलं आहे, करपलेल्याचंसुद्धा.

बाहेर टेबलावर स्टीलच्या मोठ्या डब्यात ज्या चकल्या ठेवल्या आहेत, त्या पाचव्या घाण्याच्या आहेत. मला वाटतं जिरे अजून जरा कमी पडलेत, सौ. म्हणते बरोबर आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी आईच्या हातच्या खाल्ल्या आहेत त्यांनी खाऊन सांगावं. आपल्याकडे वही आहे, दुरुस्त करता येईल.