देवगावची लेक : संत बहिणाबाईंचे स्मरण

(वार्षिक सभेत संस्थेच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचा जमाखर्च आपणांसमोर ठेवण्यापूर्वी देवगाव रंगारीच्या एका लेकीचे स्मरण करावे, अशी आमची इच्छा आहे. संत बहिणाबाईंचा जन्म 1628 साली कन्नड तालुक्यातील याच गावी, आऊजी कुलकर्णी व जानकी या दांपत्याच्या पोटी झाला. बालवयातच त्यांचा विवाह शिऊरच्या रत्नाकर पाठक या तिशीतील बिजवराशी झाला. पुढे घरातील तंट्यापायी कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत ही मंडळी कोल्हापुरी स्थिरावली.

तेथे त्यांच्या घरी एक गाय व तिचे वासरू आले. वासराला बहिणाबाईंचा एवढा लळा लागला की, ते जयरामस्वामींच्या कीर्तनालाही त्यांच्यामागून जाई. स्वामींनी या मुलीचे कौतुक केले, गावात चर्चा झाली आणि पतीने संतापून तिला बांधून मारले. पुढे वासरू दगावले, तेव्हा बहिणाबाई कित्येक दिवस बेशुद्ध होत्या. त्याच अवस्थेत तुकोबांचे दर्शन झाल्याचे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे.

ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू करावे, हे पतीला सहन झाले नाही. गरोदर पत्नीला सोडून जाण्याचा त्यांनी निश्चय केला. परंतु निघण्यापूर्वीच ते तापाने अंथरुणाला खिळले. सुमारे महिनाभर बहिणाबाई अहोरात्र त्यांच्या उशाशी बसून होत्या. या आजारात पतीचे मन पालटले आणि पुढे दोघेही देहूला तुकोबांच्या चरणी गेले.

ही कथा रुग्णालयाच्या सभेत सांगण्याचे कारण आपल्या ध्यानी आले असेल. रुग्णाच्या खाटेशी बसलेल्या माउलीचे नाव केसपेपरवर नसते. घरच्यांना जेवू घालून, गुरांचे वैरण-पाणी उरकून ती पहिल्या एस.टी.ने येते आणि स्वतःचे दुखणे मात्र पदराआड ठेवते. बहिणाबाईंच्या सेवेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि त्या सेवेचा गौरव करताना त्यांनी सोसलेल्या माराचा गौरव होता कामा नये. पतीचे मन पालटले, हे भाग्य. प्रत्येक घरी ते घडतेच असे नाही. म्हणूनच 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित स्त्रीने मागणी केल्यास तिला वैद्यकीय मदत देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरविले आहे. अंगावर वळ घेऊन आलेल्या स्त्रीची विचारपूस एकांतात आणि सन्मानानेच झाली पाहिजे.

नातेवाईकांना आमची विनंती आहे की, शुश्रूषेच्या पाळ्या लावाव्यात. रात्र जागविणे हे केवळ सुनेचे किंवा लेकीचे काम मानू नये. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकेच खाटेशेजारच्या माणसाच्या निवाऱ्याला, आंघोळीच्या पाण्याला आणि दोन घास अन्नाला महत्त्व द्यावे. विश्वस्तांनी सोबत आलेल्या स्त्रीचा रक्तदाब व रक्तातील लोहही तपासले जावे, याचा विचार करावा.

बहिणाबाईंना दीर्घायुष्य लाभले. 1700 साली शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. अखेरच्या दिवसांत आपला पुत्र विठोबा यास त्यांनी स्वतःच्या पूर्वजन्मांची हकिकत सांगितली. 1929 साली जस्टिन अॅबट या ख्रिस्ती मिशनऱ्याने त्यांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. एका वारकरी गृहिणीचे मनोगत परधर्मीय अभ्यासकाला आपलेसे वाटले, कारण दुःखाला आणि शुश्रूषेला जात-धर्म नसतो. आपल्या रुग्णालयाचे दारही याच भावनेने सर्वांसाठी उघडे राहावे, एवढीच प्रार्थना.