संगणकातील चोरी: दोष कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले, की माझी शाळा नववीत सुटली आणि संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. जे शिकलो ते पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु त्याच कचेरीत अलीकडे पगार आणि कामकपात यांच्या जोडीला एक नवी तक्रार येऊ लागली आहे: "भाऊ, खात्यातले पैसे गेले." तेव्हा तिचा अभ्यास करणे मला भाग पडले.

ही चोरी वाढली कशी, ते प्रथम पाहू. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक छोटा प्रोग्रॅम सोडला. तो स्वतःच्या प्रती काढीत एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला, आणि त्या वेळच्या सुमारे साठ हजार संगणकांपैकी अंदाजे सहा हजार जेरीस आले. त्यात पैसा चोरण्याचा हेतू नव्हता. न्यायालयाने त्याला तीन वर्षांची देखरेख, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड एवढीच शिक्षा केली. पुढे मे 2000 मध्ये फिलिपाईन्समधून 'आय लव्ह यू' नावाचे पत्र जगभर फिरले. ते उघडणाऱ्याच्या फायली नष्ट होत आणि गुप्त शब्द चोरले जात. त्या देशात अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता, म्हणून संशयितावरचा खटला उभा राहिला नाही. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीचा.

त्यानंतर हौशी मंडळी मागे पडली आणि या धंद्यात टोळ्या व सरकारे उतरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील एक भोक सापडले होते. ते कंपनीला कळविण्याऐवजी संस्थेने आपल्या हेरगिरीसाठी दडवून ठेवले. पुढे ते हत्यारच चोरीला गेले आणि एप्रिल 2017 मध्ये जगजाहीर झाले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच काढली होती, पण असंख्य ठिकाणी ती बसविलीच गेली नव्हती. मे महिन्यात त्याच भोकातून खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला, तेव्हा इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांना हजारो रुग्णांच्या तारखा रद्द कराव्या लागल्या. जूनमध्ये दुसरा हल्ला झाला. त्याचा नेम युक्रेनवर होता, पण झळ आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत पोहोचली. मार्स्क समूहाच्या ताब्यातील टर्मिनलचे काम अडले. हजारो मैलांवरचे भांडण, आणि कंटेनर खोळंबले आपल्या बंदरात!

दुसऱ्या वर्षी पाळी पुण्याची आली. 11 ऑगस्ट 2018 रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोरांनी आपली एक बनावट यंत्रणा घुसविली. कार्ड घातले की पैसे द्यावेत की नाही हे बँकेने ठरवायचे; त्या दिवशी "द्या" असे उत्तर चोरांची यंत्रणाच देत होती. काही तासांत 28 देशांतील एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये निघाले. देशातून आणखी अडीच कोटी गेले, आणि 13 तारखेला 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला पाठविले गेले. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कॉसमॉसची तिजोरी फुटली तेव्हा ठेवीदारांच्या खात्यांतून ती रक्कम वजा झाली नाही. बँकेने तोटा स्वतः सोसला. परंतु आमच्या एका निवृत्त फिटरला तोतया पोलिसांनी व्हिडिओवर धमकावले, 'डिजिटल अटक' केली म्हणून सांगितले, आणि ग्रॅच्युइटीची रक्कम त्याच्याच हातून वळती करून घेतली. बँकेत गेल्यावर त्याला उत्तर मिळाले, "काका, पैसे तुम्हीच पाठविलेत." त्याने महिनाभर ही गोष्ट मुलांना सांगितली नाही. पैशापेक्षा लाज त्याला जास्त खात होती.

हे उत्तर मला चांगले ओळखीचे आहे. पॉवर प्रेसवर कामगाराची बोटे गेली, की मालकाचा पहिला शब्द "त्याचे लक्ष नव्हते" हाच असतो. प्रेसचा गार्ड उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवलेला असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण ठेवले नाही. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने यंत्राला आडोसा घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. माणूस थकतो, घाबरतो, चुकतो, हे गृहीत धरूनच यंत्र उभे केले पाहिजे, हे तत्त्व आपण तेव्हा मान्य केले.

संगणकाच्या बाबतीत ते अर्धेच मान्य झाले. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये परिपत्रक काढले. बाहेरच्याने चोरी केली, ग्राहकाचा दोष नाही आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोटा नाही, असे त्यात म्हटले. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकला. हे स्तुत्यच होते. परंतु गुप्त अंक त्याने स्वतः सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचाच. म्हणजे पुन्हा "लक्ष नव्हते"!

बँका म्हणतील, भरपाई मिळू लागली तर लोक बेफिकीर होतील. खोटे दावे जरूर तपासा. परंतु भरपाई मिळते म्हणून कोणी प्रेसखाली हात घालीत नाही. शिवाय चोरीचा पैसा हवेत जात नाही, तो कोणत्या तरी बँकेतल्या भाड्याच्या खात्यात उतरतो. ते खाते उघडून देणाऱ्याला कोणी जाब विचारावयाचा? ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीची भरपाई 85,000 पौंडांपर्यंत बँकांवर बंधनकारक झाली. घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवून ती पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेने निम्मी-निम्मी सोसावयाची. तोटा आपल्या अंगावर आला, की गार्ड कसा बसवावा हे मालकाला आपोआप सुचते.

आणखी एक गोष्ट. फोनच्या पलीकडचा माणूसही पुष्कळदा कैदी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसे अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असावीत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले भारतीय तरुणही त्यांत होते. मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने पाचशेहून अधिकांना विमानाने परत आणले. वेठबिगारी गेली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आकडे पाहावेत.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. भोक ज्याला सापडले त्याने ते दडवू नये, मग ते सरकार का असेना. ज्याचे यंत्र त्याने गार्ड बसवावा. आणि आपण? पैसे गेले तर त्याच क्षणी 1930 ला फोन करावा, बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, आणि फसलेल्या शेजाऱ्याला मूर्ख म्हणू नये. तो लाजेने गप्प बसला, की चोरांचे फावते आणि बँकेचीही सुटका होते. बोटे गेलेला कामगार एकटा होता तोवर त्याचे कोणी ऐकले नाही. सगळे खाते मशीन थांबवून उभे राहिले, तेव्हा गार्ड परत बसला.