विश्वकोशात आहे, पण सापडत नाही

(मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही फाटे गाळले आहेत.)



आपल्या बैठकींत साधारणपणे जात, स्त्रियांचे प्रश्न, बुवाबाजी, पाठ्यपुस्तकांचे राजकारण असे विषय असतात. त्यामुळे 'नेटवरच्या विश्वकोशात शब्द टाकून शोधणे' हा विषय ऐकून काहींना वाटले असेल की आज बाई कॉम्प्युटरचा क्लास घेणार. थोडा क्लास होईल, त्याला इलाज नाही. पण या विषयाचा आपल्या नेहमीच्या विषयांशी संबंध आहे असे मला वाटते, आणि तो कसा ते सांगायचा प्रयत्न करते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या तोंडी एक वाक्य फार असते. "मराठीत यावर काही नाही हो." जीवशास्त्रावर नाही, अर्थशास्त्रावर नाही, वैद्यकावर नाही. याला पुरावा विचारला तर तो बहुतेक वेळा एवढाच असतो की आपण एक शब्द टाइप केला, चार निरुपयोगी पाने आली आणि आपण इंग्रजीकडे वळलो. माझे म्हणणे असे की मजकूर पुष्कळदा असतो. आपण टाकलेला शब्द आणि कोशात वापरलेला शब्द यांची गाठ पडत नाही, इतकेच.

उदाहरण माझ्याच क्षेत्रातले घेते. माझे रोजचे काम पेशींवरचे आहे. 'पेशी' हा शब्द मी शाळेत शिकले, तुम्हीही शिकलात. मराठी विश्वकोशात मात्र नोंद आहे 'कोशिका' या शीर्षकाखाली. आता संपादकांनी वाचकाचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. एखाद्या नोंदीत हा शब्द पहिल्यांदा आला की पुढे कंसात 'पेशी' असे लिहायची त्यांची पद्धत आहे. कागदावर ही पद्धत उत्तम. वाचकाला एकदा अर्थ कळला की पुढची पाने तो बिनघोर वाचतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र घोटाळा होतो. 'पेशी' शब्द टाकला की ज्या ज्या नोंदीत तो कंसात एकदा आला आहे त्या सगळ्या नोंदी समोर येतात. मूळ नोंदीत 'कोशिका' शंभर वेळा आणि 'पेशी' एक-दोनदा. शब्द किती वेळा आला ते मोजून क्रम लावणाऱ्या यंत्राला वाटते की या नोंदीचा पेशींशी फारसा संबंध दिसत नाही! ती खाली जाते, आणि तिसऱ्या पानापर्यंत आपल्यातला कोण जातो?

विश्वकोश म्हणजे काय चीज आहे हे नव्या मंडळींसाठी दोन वाक्यांत सांगते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, काम चालले साताऱ्याजवळच्या वाईला, पहिला खंड निघाला १९७६ साली. पण त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, त्यांनी परिभाषासंग्रह काढला. इंग्रजी संज्ञेला कोणता मराठी शब्द वापरायचा याची ही यादी. म्हणजे नोंदी छापण्याआधी त्यांनी शब्दांचा हिशेब मांडून ठेवला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरे उदाहरण जास्त नाजूक आहे. डार्विनचा सिद्धांत. आपण सगळे म्हणतो 'उत्क्रांती'. विश्वकोशातली सविस्तर नोंद आहे 'क्रमविकास' या शीर्षकाखाली. शब्द चांगला आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले एक राज्यमंत्री डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे असे म्हणाले, आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. हे आठवून पाहा. अशा वेळी परभणीच्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या मुलीला वाटले की हे प्रकरण आहे तरी काय ते मराठीत वाचू, तर तिच्याजवळ शब्द आहे 'उत्क्रांती'. 'समाजाची उत्क्रांती', 'ताऱ्यांची उत्क्रांती' असे काहीबाही तिच्या हाती लागू शकते. जे हवे आहे ते मात्र ज्या नावाखाली आहे ते नाव तिला कोणी सांगितलेले नाही. पुस्तकातून धडा काढायला सरकार लागते, पण असलेला धडा न सापडायला दोन शब्दांमधली फट पुरते.

तुमच्यातले डॉक्टर म्हणतील, हा प्रश्न इंग्रजीतही आहे. आहेच. पण तिथे तो कसा सोडवला ते बघा. आपण पबमेड वापरतो. तिथे 'हार्ट अटॅक' टाइप केले तरी यंत्र आपण होऊन 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या अधिकृत संज्ञेखालचे लेखही शोधते. यात चमत्कार काही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० पासून 'मेश' नावाची संज्ञांची सूची सांभाळली आहे. एका संज्ञेखाली तिचे सगळे पर्यायी शब्द. कोणीतरी पगार घेऊन दरवर्षी ती दुरुस्त करत बसते. आपण ज्याला हुशार यंत्र म्हणतो त्याच्या पाठीशी अशी कंटाळवाणी यादी उभी असते.

मराठीची अडचण तेवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे शब्द वाक्यात शिरला की रूप बदलतो. इंग्रजीत 'सेल'चे 'सेल्स' होते, शेवटचे अक्षर कापले की काम झाले. तसे कापण्याचे नियम पोर्टर नावाच्या गृहस्थाने १९८० मध्ये लिहून दिले आणि जगभर वापरले गेले. आपल्याकडे 'कापूस'चे 'कापसाचे', 'ऊस'चे 'उसावर', 'दूध'चे 'दुधातले'. शेपूट कापले तरी 'कापसा' उरते, त्यात 'कापूस' नाही. मग काही ठिकाणी सोपा उपाय करतात, टाकलेली अक्षरे कुठेही सापडली तर दाखवा. त्याची गंमत पाहा. 'गाय' शोधा. गायक येतील, गायन येईल, बडोद्याचे गायकवाड सहकुटुंब येतील, आणि 'गाईच्या दुधातील प्रथिने' एवढे मात्र येणार नाही, कारण 'गाई'त 'गाय' नाही. मुंबईच्या आयआयटीत मराठीच्या संगणकीय व्याकरणावर पुष्कळ काम झाले आहे, तेव्हा हे अशक्य कोटीतले नाही. ते काम शोधाच्या खिडकीपर्यंत पोचायला हवे.

याहून चिडचिड होते ती न दिसणाऱ्या फरकांची. 'किनाऱ्यावरील' शब्दातला तो अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आपल्या डोळ्यांना एक शब्द, यंत्राला दोन. 'ॲसिड'चेही तसेच. हा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधी लोक 'ऍ' वापरत किंवा 'अ'वर चंद्र काढत. त्यामुळे जुना मजकूर एका तऱ्हेचा, नवा दुसऱ्या. शोध घेणाऱ्या प्रणालीने सगळी रूपे आधी एकसारखी करून घेतली तर हा त्रास संपतो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे दुपारचे काम आहे. ते केले नसेल तर मुख्य कारण असे की आपल्यापैकी कोणी मागितले नाही.

आता आपल्या नेहमीच्या विषयाकडे येते. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला शिकले, हिंदुस्थानातल्या जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, १९११ मध्ये डॉक्टरेट घेतली, आणि परत जाऊन १९२० ते १९२९ या काळात मराठी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. परत गेलेल्या एनआरआयचे इतके ठणठणीत उदाहरण दुसरे नसेल. हा ज्ञानकोशही नेटवर आणला गेला. पण तो त्या काळच्या लेखनपद्धतीतला आहे. तेव्हा 'नाव'वर अनुस्वार, 'पाच'वर अनुस्वार, 'केले'वर अनुस्वार, आणि 'नीति', 'बुद्धि' ऱ्हस्व. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार गेले आणि शेवटची इकारान्ते दीर्घ झाली. आपण नव्या नियमाने टाइप करतो आणि जुने पुस्तक गप्प बसते. शुद्धलेखनाचा मला मुळीच राग नाही, पण शोधाच्या खिडकीत 'अशुद्ध'ही समजले पाहिजे. एरवी शाळेत लाल शाई ज्यांना जास्त मिळाली त्यांनाच कोशाचे दार बंद, असे होते.

लेखनापेक्षा शब्द जास्त बदलले. आज आपण 'दलित' शब्द टाकून शंभर वर्षांपूर्वीच्या मजकुरात शोधू लागलो तर थोडेच मिळेल, आणि त्यावरून 'त्या काळी कोणी यावर लिहीतच नव्हते' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तेव्हाचे शब्द 'अस्पृश्य', 'अंत्यज', 'बहिष्कृत' हे होते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत'. तीच गोष्ट कुष्ठरोगाची. बाबा आमट्यांच्या संस्थेच्या नावात अजून 'महारोगी' शब्द आहे, आणि आज आपण तो शब्द माणसासाठी वापरणार नाही. यावर आपल्यात मतभेद होतील. जुना, टोचणारा शब्द यादीत ठेवायचा का? माझे मत, ठेवायचा. शीर्षक आजचे, सन्मानाचे असावे, आणि जुना शब्द फक्त तिकडे जाणारी वाट म्हणून असावा. तो पुसला तर त्याच्याबरोबर त्या माणसांचा लिहिलेला इतिहासही हाती लागेनासा होतो.

जाता जाता एक आवडता किस्सा. दिदेरोच्या फ्रेंच विश्वकोशाच्या पहिल्या खंडात, १७५१ साली, नरमांसभक्षकांवर एक नोंद आहे. तिच्या शेवटी वाचकाला सांगितले आहे की 'पाहा : ख्रिस्तप्रसाद, कम्युनियन, वेदी'. सेन्सॉर नोंद वाचत होता, ते 'पाहा' कोण वाचणार! आपल्या विश्वकोशातही मजकुरात बाणाची खूण करून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते. शब्द टाकून थेट उडी मारणाऱ्याला हे बाण दिसत नाहीत. म्हणून मी स्वतः कोणतीही एक बरी नोंद सापडली की शोध थांबवते आणि बाण धरून चालू लागते. कोशिका शब्द मला याच वाटेने भेटला.

कोणी विचारेल, आता एआय आले, ते अर्थावरून शोधते, मग ही हमाली कशाला? अर्थावरून शोधणाऱ्या यंत्रालाही 'पेशी' आणि 'कोशिका' एक आहेत हे कळते ते दोन्ही शब्द एकत्र आलेला मजकूर वाचूनच. तसा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा. शिवाय त्याच्या मराठी उत्तरात मला अनेकदा इंग्रजीतून उचललेली रचना दिसते, वाईच्या मंडळींनी वर्षानुवर्षे घडवलेली वाक्ये दिसत नाहीत. मूळ नोंद समोर असावी आणि आपण ती स्वतः वाचावी, हा माझा हट्ट आहे.

तर करायचे काय? प्रत्येकाने आपल्या क्षेत्रातल्या शब्दांची एक यादी करावी. इंग्रजी संज्ञा, विश्वकोशातला शब्द, शाळेच्या पुस्तकातला शब्द, आणि घरी बोलतात तो. मलेरियाला कोश 'हिवताप' म्हणतो, गावात नुसते 'हिवताप आला' किंवा 'थंडीताप' म्हणतात, दवाखान्यात 'मलेरिया'. चारही रकाने भरू शकतील अशी माणसे या खोलीत आहेत, आणि आपल्या मुलांच्या पिढीत फारशी नसतील. मराठी विकिपीडियात एका शब्दावरून दुसऱ्याकडे पाठवणारे पुनर्निर्देशन कोणालाही कुठूनही तयार करता येते, एकाला दोन मिनिटे लागतात. तिथे सुरुवात करू. कोणता शब्द बरोबर, हा वाद तिथे घालायची गरज नाही, कारण सगळेच ठेवायचे आहेत. यादी तयार झाली की विश्वकोशाच्या कार्यालयालाही रीतसर पाठवू. त्यांचा परिभाषासंग्रह आणि आपले रकाने एकत्र केले तर मराठीचा छोटासा 'मेश' होईल.

पेशीविज्ञानाची पहिली यादी मी छापून आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवली आहे. चाळीसेक शब्द आहेत, घरगुती शब्दांचा रकाना बराच रिकामा आहे. डॉक्टर मंडळींनी आणि ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी जाण्यापूर्वी त्यात पेनाने भर घालावी. पेन मी आणलेले नाही.