परचक्राखालील रेल्वे आणि तिचा हिशेब
(रिद्धपूर येथे दिलेले व्याख्यान)

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ तर स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ खाजगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवीत असे. मालक एक, चालविणारा दुसरा, ही विभागणी येथील श्रोत्यांना नवी नाही. परंतु हुकूम देणारे परकीय सैन्य असेल, तर कंपनीने काय करावयाचे? हॉलंडचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड पाच दिवसांत जिंकले. रेल्वे कंपनीचे भाग राज्याकडे होते, कारभार संचालकांकडे. त्यांनी व्यवहारी तोड काढली: कंपनी सहकार्य करील, जर्मनांनी कारभार ताब्यात घेऊ नये. देशाची वाहतूक चालेल, नोकऱ्या टिकतील, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. त्याची किंमत मात्र इतरांनी मोजली. जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्क छावणीतून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या याच कंपनीने सरहद्दीपर्यंत चालविल्या आणि त्यांची बिले रीतसर पाठविली. सुमारे १ लाख ७ हजार ज्यू देशाबाहेर नेले गेले. परतले जेमतेम ५ हजार.

गाड्या थांबविणे अशक्य होते काय? १७ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमधील परागंदा डच सरकारने नभोवाणीवरून आदेश देताच सुमारे ३० हजार रेल्वे कामगारांनी काम सोडले आणि मुक्तीपर्यंत संप टिकविला. जर्मनांनी आपली माणसे आणून लष्करी गाड्या चालविल्या, अन्नवाहतूक अडविली. त्या हिवाळ्यात सुमारे २० हजार माणसे उपासमारीने मेली. संपाची ही जबर किंमत झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण हा संप दोस्त फौजांच्या मदतीसाठी होता. वेस्टरबोर्कहून शेवटची गाडी १३ सप्टेंबरलाच, म्हणजे चार दिवस आधी, निघून गेली होती. वस्तुतः फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ट्राम व गोदी कामगारांनी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध संप केला, तो लंडनच्या आदेशाविनाच; हाक होती बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाची.

कंपनीने जाहीर माफी मागितली २००५ साली. वैयक्तिक भरपाईची योजना आली २०१९ मध्ये, आणि तीही सालो म्युलर या वृद्धाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर. त्याच्या आईवडिलांना वेस्टरबोर्कहूनच ऑशविट्झला नेण्यात आले होते.