बरं वाटत असतानाची तपासणी

‘दम धर’, ‘जरा दमानं घे’ असं आपण रोज म्हणतो. हा ‘दम’ फारसीतला, अर्थ श्वास. ‘दमा’ही त्याच कुळातला. पण दमेकऱ्याला धीर धरायला सांगणं सोपं, त्याला बरं वाटत असताना डॉक्टरकडे पाठवणं कठीण.

धाप लागली की अपरात्री रिक्षा करून दवाखाना गाठायचा, वाफ घ्यायची आणि उतार पडला की फाइल कपाटात. मात्र धाप थांबली तरी श्वासनलिकांची सूज राहू शकते. निळा पंप आवळलेल्या नलिका काही तास मोकळ्या करतो, सूज तशीच राहते. ती उतरवतो रोजचा स्टेरॉइडचा पंप. नाव ऐकूनच लोक दचकतात. त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट श्वासनलिकांत जातं, हे कुणीतरी निवांत बसून सांगायला हवं. धाप लागलेल्या रात्री कोण सांगणार आणि कोण ऐकणार?

डॉक्टर गेल्या चार आठवड्यांचं विचारतात. खोकल्यानं रात्री जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, जिना चढणं टाळलं का. घरातलं कुणी सोबत न्यावं. रात्रीचा खोकला शेजारी झोपणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतो. पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायचं आणि आकडा आपल्याच सर्वांत चांगल्या आकड्याशी ताडून पाहायचा. पंपही डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा. वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांचंही तंत्र चुकतं. आधी श्वास सोडायचा, हळू खोल घेताना दाबायचं, दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची. पावडरचा पंप मात्र जोरात ओढावा लागतो.

उपचार सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांत, पुढे तीन ते बारा महिन्यांनी जावं. झटका येऊन गेला असेल तर आठवड्याच्या आत. दमा तीनेक महिने आटोक्यात असला तर डॉक्टर मात्रा कमीही करतात. जो जातच नाही, त्याची कोण कमी करणार?

पावसाळ्यातली भिंतींची बुरशी आणि दिवाळीचा धूर यांच्याआधी एक फेरी घालावीच. आमच्याकडे तशीच रमजानच्या आधी, शाबान महिन्यातच घालायला हवी. रोज्यात पंप चालतो की नाही, यावर उलेमांचं एकमत नाही. म्हणून कित्येकजण कुणालाही न विचारता रोजचा पंप महिनाभर बंद ठेवतात. डॉक्टरांना आधी विचारलं, तर दोन वेळचा पंप सहेरी आणि इफ्तारला बसवून घेता येतो. ज्यांचा दमा आटोक्यात नाही, त्यांना रोजे नंतर पुरे करण्याची सवलत खुद्द कुरआननं दिली आहे. आणि दिवसा धाप लागलीच, तर निळा पंप तिथल्या तिथे घ्यायचा. मगरिबच्या अजानची वाट पाहायची नाही.