परत न आलेला वाटसरू

घरांतलें माणूस मृत्यु पावणें आणि घरांतलें माणूस नाहींसें होणें, या दोन आपत्ति आपण बोलतांना एकाच मापानें मोजतों. पण त्यांची जात निराळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर व आसपासचीं अनेक गांवें भूकंपानें उद्ध्वस्त झालीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचें ओझें निजलेल्या माणसांवर कोसळलें. एवढा भयंकर संहार मराठवाड्याच्या स्मरणांत दुसरा क्वचितच असेल. तरीहि कोणत्या घरांत कोण निजलें होतें आणि कोठें खणावयाचें, हें जिवंत राहिलेल्यांस ठाऊक होतें. त्यांच्या शोकाला जागा होती, तिथि होती. जो डोंगरांत किंवा रानांत गेला आणि परतलाच नाहीं, त्याच्या घरच्यांना या दोन्ही गोष्टी मिळत नाहींत.

आपल्या धर्मशास्त्रानें ही अडचण फार पूर्वीं ओळखली होती. बारा वर्षें वाट पाहावी, आणि तरीहि माणूस न आल्यास पळसाच्या पानांचे देठ मांडून त्याची प्रतिमा करावी व तिला अग्नि द्यावा, असा पालाशविधि सांगितलेला आहे. कायदा सात वर्षांवर थांबतो. ज्यांना सहजच बातमी कळावयास हवी होती, त्यांना सात वर्षें कांहींच कळलें नाहीं, तर माणूस जिवंत असल्याचें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम राहिला आहे. पण बारा काय किंवा सात काय, हे आंकडे विधींच्या आणि वारसाहक्काच्या सोयीचे. आईच्या मनाला ते लागू पडत नाहींत.

याचें जें एक उदाहरण मी आज आपणांपुढें ठेवणार आहें, तें अमेरिकेंतील आहे. एव्हरेट रूस याचा जन्म २८ मार्च १९१४ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें झाला. आई स्टेला ही चित्रकलेंत रमणारी. तोच ओढा मुलांत उतरला. वयाच्या सोळाव्या वर्षीं, १९३० सालीं, तो पाठीवर बिऱ्हाड घेऊन भटकूं लागला. पुढें ओझ्यासाठीं गाढव किंवा घोडा सोबत घेऊन ॲरिझोना आणि युटा प्रांतांतील तांबड्या खडकांच्या ओसाड मुलखांत तो महिनोन्महिने हिंडे, जलरंगांत चित्रें काढी, ठशांवरून छापी आणि घरीं लांबलचक पत्रें लिही. ॲन्सेल ॲडम्स व डोरोथिया लँग यांच्यासारख्या छायाचित्रकारांशीं त्याची ओळख झाली होती. विद्यापीठांत मात्र त्याचें मन रमलें नाहीं. रविवारीं पिशवी खांद्यावर टाकून गडावर निघणाऱ्या आपल्या मुलांना हा गडी चटकन ओळखीचा वाटेल. फरक इतकाच कीं रविवारीं संध्याकाळीं घरीं परतण्याची त्याला संवय नव्हती.

१९३४ च्या नोव्हेंबरांत तो युटामधील एस्कलांटे या लहानशा गांवीं होता. ११ नोव्हेंबरला त्यानें आईवडिलांना व थोरल्या भावाला, वाल्डोला, पत्रें लिहिलीं आणि आतां महिना-दोन महिने पत्र येणार नाहीं असें कळविलें. मग दोन गाढवें घेऊन तो निघाला. आठवडाभरानें दोन मेंढपाळांना तो दूर रानांत भेटला आणि दोन रात्री त्यांच्या तळाशीं राहिला. त्यानंतर त्याला कोणी पाहिल्याचा भरंवशाचा पुरावा नाहीं.

त्या एका वाक्यानें, महिना-दोन महिने पत्र येणार नाहीं या वाक्यानें, सारा घात केला असें मला वाटतें. आईवडील निमूटपणें थांबले. त्यांचीं पत्रें न उघडतां परत आलीं, तेव्हां १९३५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं एस्कलांटेच्या टपालकचेरीस लिहिलें. शोध सुरू झाला तो मार्चमध्यें. मध्यें सबंध हिंवाळा लोटला होता. हरिश्चंद्रगडावर जाणारा मुलगा खिरेश्वरनें चढणार, पाचनईनें जाणार, कीं नळीच्या वाटेनें, एवढें जरी घरीं ठाऊक असलें, तरी शोधणाऱ्यांचें अर्धें काम होतें. येथें तर मुलूखच अफाट, आणि वाट कोणालाच माहीत नाहीं.

डेव्हिस गल्च नांवाच्या अरुंद घळींत झुडपांचें कुंपण घातलेलीं त्याचीं दोन्ही गाढवें सांपडलीं. पावलांच्या खुणा सांपडल्या. खडकावर 'निमो, १९३४' अशीं अक्षरें कोरलेलीं आढळलीं. लॅटिनमध्यें निमो म्हणजे 'कोणीहि नाहीं'. ज्यूल व्हर्नच्या कादंबरींतील कप्तानाचें नांवहि तेंच. परंतु रोजनिशी, रंगांची पेटी, भांडीं, शिधा, पैसे यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं. तो कड्यावरून पडला, गुरेंचोरांनीं मारला, नदींत बुडाला, आदिवासींत मिसळून गेला, अशीं अनुमानें पुष्कळ निघालीं. सिद्ध एकहि झालें नाहीं. १९६३ पासून कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाचें पाणी चढत गेलें आणि त्या घळीचा खालचा भाग बुडाला.

यापुढील भाग मला मूळ घटनेइतकाच विलक्षण वाटतो. १९७१ सालीं एका वृद्ध नाव्हाहो गृहस्थानें आपल्या नातीला सांगितलें कीं, तरुणपणीं त्यानें एका गोऱ्या मुलाचा खून होतांना पाहिला होता व त्याचें प्रेत खडकाच्या कपारींत पुरलें होतें. २००८ मध्यें त्याच्या नातवाला तशी एक जागा सांपडली, तींत अस्थि होत्या. कोलोरॅडो विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं चेहऱ्याचीं हाडें छायाचित्रांशीं पडताळलीं, वाल्डोच्या मुलांशीं आनुवंशिक द्रव्य जुळविलें, आणि २००९ च्या वसंतांत हा एव्हरेटच आहे असें जाहीर केलें. आईवडील आणि वाल्डो केव्हांच गेले होते. पण पुतण्यांच्या पिढीला पंचाहत्तर वर्षांनीं उत्तर मिळालें होतें.

युटाच्या पुरातत्त्वज्ञांना मात्र शंका आली. ते दांत फार झिजलेले होते. शहरांत वाढलेल्या वीस वर्षांच्या मुलाचे ते वाटत नव्हते. अशा वेळीं शंकाखोरांना दारांतून परत पाठविणें किती सोपें होतें! कुटुंबानें तसें केलें नाहीं. हातीं आलेलें समाधान बाजूला ठेवून अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेकडून पुन्हां तपासणी करवून घेण्यास ते राजी झाले. ऑक्टोबर २००९ मध्यें निकाल आला: नातें जुळत नाहीं; अस्थि बहुधा कोणा आदिवासी माणसाच्या. कुटुंबानें तो निकाल मान्य केला, आणि अस्थि नाव्हाहो लोकांच्या अधिकाऱ्यांकडे सोंपविण्याचें ठरलें. ज्याची शोधाशोध कोणी आरंभली नव्हती, अशा एका अनामिकाची कबर तेवढी या धडपडींत उघडी झाली होती.