पाकिटावरचे नाव आणि आतला जिवाणू
(शिरपूर येथील बैठकीतील भाषण)



कपाशीत आपण मूग घेतो, रब्बीला हरभरा पेरतो. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. पूर्वी शास्त्रज्ञ या सगळ्यांना एकच नाव देत, रायझोबियम. सावकाश वाढणारे १९८२ साली वेगळे काढले, ते ब्रॅडीरायझोबियम. मूग-भुईमुगाचे बहुतेक त्यातले. पुढे जनुकांची अक्षरे वाचता येऊ लागली आणि १९९७ साली हरभऱ्याचा जिवाणू मेसोरायझोबियम ठरला. कपाशी-ज्वारीला आपण स्फुरद विरघळवणारा बॅसिलस मेगाटेरियम लावतो. २०२० साली तो प्रिस्टिया झाला.

सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून जमिनीचा पोत बदलत नाही. नुसत्या नव्या नावासाठी जादा पैसे मोजू नका. पण मुगाचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही, हा शेतातला अनुभव जनुकांनीही खरा ठरवला आहे. म्हणून पाकिटावर पिकाचे नाव आधी वाचा.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. उन्हात तापलेल्या पाकिटात ते मरतात. मग नाव कोणतेही असो, आपण फक्त भुकटी विकत घेतो. मुदत पाहू, पक्की पावती मागू. दाम आपण जिवंत जिवाणूचा देतो, तो मिळालाच पाहिजे.